नाणे सापडले, पण कुठे?

वसईच्या किल्ल्यालगत पाचूबंदर ही मच्छीमारांची जुनी वस्ती आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि पाठीशी किल्ल्याचा तट. इथून काही किलोमीटरच्या परिसरात इतिहासाचे किती थर एकावर एक बसले आहेत, याची नुसती यादी केली तरी थक्क व्हायला होते. सोपारा हे सम्राट अशोकाच्या काळापासूनचे बंदर. त्यानंतर सातवाहन, क्षत्रप, शिलाहार आणि गुजरातचे सुलतान. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली. मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांच्या फौजेने ती जिंकली आणि डिसेंबर १७८० मध्ये ती इंग्रजांच्या हाती पडली. या प्रत्येक राजवटीत माणसांच्या हातून काहीतरी जमिनीवर पडले, काही मुद्दाम पुरले गेले, काही समुद्राने गिळले.

अशा परिसरातल्या शाळेत एखादा विद्यार्थी कधीतरी हिरवट पडलेले नाणे किंवा गंजलेला लोखंडी गोळा घेऊन येईल आणि विचारील, ‘‘सर, हे किती जुने असेल?’’ शिक्षकाने त्याला आधी उलट विचारावे, ‘‘हे तुला नेमके कुठे मिळाले?’’ या दुसऱ्या प्रश्नाला इतके महत्त्व का, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. त्यासाठी जमिनीतली धातूची वस्तू हुडकणाऱ्या यंत्राचा इतिहास आणि आपल्या भागातल्या काही प्रसिद्ध शोधांचा इतिहास शेजारी शेजारी ठेवून पाहू.

गोळी शोधण्यासाठी जन्मलेले यंत्र

फॅरेडेने १८३१ मध्ये विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला. बदलत्या चुंबकीय क्षेत्रात वाहक पदार्थ ठेवला, की त्यात विद्युतप्रवाह निर्माण होतो, हे तत्त्व आपण शाळेत शिकवतो. डेव्हिड ह्यूज यांनी १८७९ मध्ये या तत्त्वावर चालणारा ‘प्रवर्तन तराजू’ बनवला. तारेच्या वेटोळ्यांच्या जोड्या एकमेकींचा परिणाम नाहीसा करतील अशा मांडायच्या. जवळ धातू आला की हा समतोल बिघडतो आणि श्रवणयंत्रात आवाज उमटतो.

या उपकरणाची मोठी परीक्षा दोनच वर्षांनी झाली. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. एक गोळी शरीरात राहिली, ती डॉक्टरांना सापडेना. तेव्हा टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी प्रवर्तन तराजूत सुधारणा करून तो रुग्णाच्या अंगावरून फिरवला. यादवी युद्धातल्या जखमी सैनिकांवर यंत्र नीट चालले होते, इथे मात्र ते अपयशी ठरले. गादीखालच्या पोलादी स्प्रिंगांनी गोंधळ केला. शिवाय डॉक्टरांचा समज गोळी उजव्या बाजूला असल्याचा होता, म्हणून शोध तिथेच झाला. गोळी डाव्या बाजूला होती. सप्टेंबरमध्ये गारफील्ड यांचे निधन झाले. यंत्र भोवतीच्या परिस्थितीचेही ऐकते आणि आपण जिथे नेऊ तिथेच शोधते, हे दोन्ही धडे आजही लागू आहेत.

पुढे १९३० च्या दशकात गेऱ्हार्ड फिशर यांनी हातात धरून नेता येईल असा धातुशोधक तयार केला. दुसऱ्या महायुद्धात पोलिश अधिकारी योझेफ कोसात्स्की यांनी सुरुंग हुडकणारे यंत्र बनवले. १९४२ मध्ये एल् अलामीनच्या लढाईत वाळवंटात पेरलेले सुरुंग काढण्यासाठी त्याचा मोठा उपयोग झाला. युद्धानंतर ट्रान्झिस्टर आले, यंत्र हलके आणि स्वस्त झाले आणि युरोप-अमेरिकेत ते हजारो हौशी लोकांच्या हाती पडले. सुटीच्या दिवशी शेतातून किंवा समुद्रकिनाऱ्यावरून यंत्र फिरवत जुनी नाणी, बक्कले, अंगठ्या शोधणे हा तिकडे एक छंदच झाला.

यंत्राला काय कळते, काय कळत नाही

धातुशोधकाच्या टोकाशी एक चपटे वेटोळे असते. त्यातून सेकंदाला काही हजार वेळा दिशा बदलणारा प्रवाह सोडतात. त्यामुळे निर्माण होणारे बदलते चुंबकीय क्षेत्र जमिनीत शिरते. तिथे नाणे असेल तर त्यात भोवऱ्यासारखे फिरणारे ‘आवर्त प्रवाह’ निर्माण होतात. हे प्रवाह स्वतःचे चुंबकीय क्षेत्र निर्माण करतात आणि ते ग्राहक वेटोळ्याला जाणवते. वर्गात याचा प्रयोग सोपा आहे. तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची नळी उभी धरून तिच्यातून शक्तिमान चुंबक सोडा. नळीला चुंबक चिकटत नाही, तरी तो तरंगत आल्यासारखा सावकाश खाली येतो. त्याला अडवणारे ते आवर्त प्रवाहच.

आता थोडे गणित. लहान चुंबकीय स्रोताचे क्षेत्र अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते. वेटोळ्याच्या आकाराच्या मानाने नाणे दूर असेल, तर जाताना हा नियम एकदा लागतो आणि परतताना पुन्हा एकदा. म्हणजे संकेत अंतराच्या सहाव्या घाताने क्षीण होतो. खोली दुप्पट झाली तर संकेत चौसष्टाव्या हिश्श्यावर येतो. म्हणूनच सुटे नाणे सामान्य यंत्राला वीत-दीड वीत खोलीपर्यंतच कळते. जमिनीत खोल दडलेला खजिना यंत्राने शोधायच्या गोष्टी बहुधा गोष्टीच असतात.

आपल्या कोकणात आणखी दोन अडचणी आहेत. दख्खनच्या बेसाल्ट खडकात मॅग्नेटाइटसारखी चुंबकीय खनिजे असतात. खडक झिजला की ती मातीत आणि वाळूत उतरतात. किनाऱ्यावर ओहोटीनंतर काळ्या वाळूच्या रेघा दिसतात, त्यांच्यावरून कागदात गुंडाळलेला चुंबक फिरवला की कण दाढीसारखे चिकटतात. या खनिजांमुळे यंत्राला सगळी जमीनच ‘बोलू’ लागते. दुसरी अडचण खाऱ्या पाण्याची. ओली वाळू स्वतःच विजेची वाहक असल्याने तीही संकेत देते. यावर उपाय आहेत. प्रवाहाचा झटका देऊन तो बंद करायचा आणि मग प्रतिसाद ऐकायचा, अशी यंत्रे ओल्या किनाऱ्यावर बरी चालतात.

पण सर्वांत मोठी मर्यादा वेगळीच आहे. यंत्राला फक्त धातू कळतो. खापर, मणी, काच, हाड, विटेचा तुकडा, कोरलेला दगड यांची त्याला दादच नसते. आणि वसई-सोपाऱ्याचा इतिहास ज्या वस्तूंनी उलगडला त्यांतील दोन अतिशय मोलाच्या वस्तू दगडाच्या आहेत. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा १८८२ मध्ये सोपाऱ्याच्या भातेला तळ्याजवळ मिळाला. नवव्या शिलालेखाचा तुकडा १९५६ मध्ये भुईगाव इथे ना. आ. गोरे यांना मिळाला. हे भुईगाव पाचूबंदरच्या उत्तरेस, त्याच किनाऱ्यावर आहे. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी मौर्य सम्राटाची आज्ञा या किनाऱ्यावर कोरली गेली होती, हे या दोन तुकड्यांनी सिद्ध केले. यंत्र घेऊन फिरणारा माणूस त्यांच्यावरून सरळ पुढे निघून गेला असता. तिथे ब्राह्मी अक्षरे ओळखणारा डोळाच हवा होता.

सोपाऱ्याची पेटी

बेल यांचा प्रयोग फसल्याच्या पुढच्याच वर्षी, एप्रिल १८८२ मध्ये, पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याजवळचे ‘बुरुड राजाचा कोट’ नावाचे टेकाड खणले. ते विटांचा बौद्ध स्तूप निघाले. त्याच्या मध्यभागी एक दगडी पेटी होती. तिच्यात तांब्याचा करंडक, त्याच्या आत चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा, असे एकात एक करंडक बसवलेले होते. सोन्याच्या करंडकात सोन्याची फुले आणि मातीच्या पात्राचे तेरा तुकडे होते. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे असल्याची श्रद्धा होती. तांब्याच्या करंडकाभोवती आठ कांस्यमूर्ती मांडलेल्या होत्या. त्यांत सात बुद्ध होते आणि आठवा भावी बुद्ध मैत्रेय. शिवाय यज्ञ सातकर्णीचे न झिजलेले एक चांदीचे नाणेही होते.

आता यातली गंमत पाहा. नाणे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातले. मूर्तींची घडण मात्र आठव्या-नवव्या शतकाची. एकाच पेटीत सहा-सातशे वर्षांचे अंतर कसे? म्हणजे हा स्तूप नंतर कधीतरी उघडला गेला, जुनी ठेव पाहिली गेली, नव्या मूर्ती आदराने मांडल्या गेल्या आणि स्तूप पुन्हा बंद झाला. सातवाहन काळ सरून शतके लोटल्यावरही सोपाऱ्यात बौद्ध उपासक होते, हे त्यातून कळते.

हे ज्ञान नाण्यात नाही आणि मूर्तीतही नाही. दोन्ही एका पेटीत होत्या या गोष्टीत ते आहे. समजा, कोणी रात्रीतून टेकाड फोडले असते, नाणे एका सराफाला आणि मूर्ती दुसऱ्या व्यापाऱ्याला विकल्या असत्या. वस्तू कदाचित शिल्लक राहिल्या असत्या, हे वाक्य मात्र कायमचे पुसले गेले असते. या पेटीतल्या वस्तू मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहेत.

दायमाबाद आणि जोगळटेंभी

स्थान हरवले की काय होते, याचे उदाहरण अहिल्यानगर (तेव्हाच्या अहमदनगर) जिल्ह्यात आहे. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेकाठी दायमाबाद इथे १९७४ मध्ये एका स्थानिक भिल्ल गृहस्थाला झाडाचे मूळ खणताना चार भरीव कांस्यवस्तू मिळाल्या. बैलजोडीचा रथ व तो हाकणारा पुरुष, रेडा, हत्ती आणि गेंडा. सगळ्यांचे मिळून वजन साठ किलोच्या वर भरते. धातूकामाचे हे नमुने अप्रतिम आहेत. पण ते कोणत्या काळाचे? सां. आ. साळी, म. के. ढवळीकर प्रभृती संशोधकांनी ते उत्तर हडप्पा काळाचे मानले. साळी यांनी नंतर तिथे मोठे उत्खननही केले. पण धातूच्या पृथक्करणात एक टक्क्याहून अधिक आर्सेनिक आढळले आणि ताम्रपाषाण काळातल्या इतर वस्तूंत असा मिश्रधातू मिळालेला नाही, म्हणून धर्मपाल अगरवाल यांनी त्या ऐतिहासिक काळाच्या असाव्यात असे मत मांडले. दोन मतांमध्ये हजार-दीड हजार वर्षांचे, कदाचित त्याहून अधिक अंतर पडते. या वस्तू उत्खननात, थरांची नोंद घेत बाहेर आल्या असत्या तर वादाला इतकी जागा उरली नसती. सापडणाऱ्याचा यात काही दोष नाही. तो झाडाचे मूळ खणत होता. पण जमिनीचा थर हे एकदाच वाचता येणारे पान आहे. ते वाचण्याआधी फाटले की पुन्हा जोडता येत नाही.

उलट उदाहरण नाशिकजवळच्या जोगळटेंभीचे. १९०६ मध्ये इथे चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा मिळाला. तेरा हजारांहून अधिक नाणी क्षत्रप राजा नहपानाची होती. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. गौतमीपुत्राने नहपानाचा पराभव केला, याचा याहून ठसठशीत पुरावा कोणता? विद्यार्थ्यांना शेकडेवारी काढायला सांगा. साठ्यातली साधारण सत्तर टक्के नाणी पुन्हा ठोकलेली होती. जिंकणाऱ्याचे चलन बाजारात किती मुरले होते, हे या शेकडेवारीतून दिसते. असा हिशेब मांडता येतो तो साठा साठा म्हणून मोजला गेला तरच. त्यातली दहा सुंदर नाणी ठेवून बाकीची सोनाराच्या मुशीत गेली असती, तर दहा सुंदर नाणीच उरली असती.

ब्रिटनने काढलेला मार्ग

यंत्राच्या छंदाने ब्रिटनमध्ये बरेच भांडण निर्माण केले. १९७९ च्या कायद्याने संरक्षित स्थळांवर परवानगीवाचून धातुशोधक वापरण्यास बंदी आली. तरीही १९८० च्या दशकात सरे परगण्यात वॉनबरो इथल्या रोमन देवळाच्या जागेची हजारो नाण्यांसाठी अक्षरशः लूट झाली. पुरातत्त्वज्ञ छंदी लोकांना लुटारू म्हणत आणि छंदी लोक पुरातत्त्वज्ञांना अहंमन्य.

मग १६ नोव्हेंबर १९९२ रोजी सफोक परगण्यात हॉक्सन गावी एक वेगळी गोष्ट घडली. शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधायला एक निवृत्त गृहस्थ यंत्र घेऊन शेतात गेले. त्यांना सोन्या-चांदीची रोमन नाणी आणि चमचे लागले. थोडे काढल्यावर त्यांनी खणणे थांबवले आणि अधिकाऱ्यांना कळवले. दुसऱ्याच दिवशी पुरातत्त्वज्ञांनी तो भाग काळजीपूर्वक उकलला. सुमारे पंधरा हजार नाणी निघाली. वस्तूंच्या जागा टिपल्यामुळे कुजून गेलेल्या लाकडी पेटीचा आकार आणि आतली मांडणीही पुन्हा उभी करता आली. तो हातोडाही सापडला आणि ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात गेला!

१९९६ मध्ये तिथे खजिन्यासंबंधी नवा कायदा झाला आणि १९९७ पासून सामान्य माणसाला सापडलेल्या वस्तू नोंदवण्याची योजना सुरू झाली. आज त्या नोंदी दहा लाखांहून कितीतरी अधिक आहेत. यावर आक्षेपही आहेत. बक्षिसाच्या लोभाने खणणे वाढते, असे म्हणणारे पुरातत्त्वज्ञ तिथे आहेत. छंदी लोकांचेही एक म्हणणे आहे की नांगराने थर आधीच विस्कटले आहेत, मग वरची वीतभर माती चाळल्याने काय बिघडते? याचे उत्तर असे की नांगर वस्तू वरखाली करतो, पण ती त्याच शेतात राहते. कोणत्या शेतात काय मिळाले, हे नकाशावर मांडले की गाडलेल्या वस्त्या आणि जुन्या वाटा दिसू लागतात. नोंद न करता उचललेली वस्तू या नकाशातून कायमची गळते.

आपला कायदा आणि आपली शाळा

आपल्याकडे यंत्राचा छंद रुजलेला नाही. पण वस्तू सापडायच्या थांबलेल्या नाहीत. पहिला पाऊस माती धुतो, नांगर ती उलथतो, आणि आता खोदयंत्र तर इमारतीच्या पायासाठी कैक मीटर खाली जाते. वसई-नालासोपाऱ्यात गेल्या काही दशकांत शेते जाऊन इमारती उभ्या राहिल्या. एका जागची माती उचलून दुसरीकडे भरणीला टाकली, की तिच्यातल्या वस्तूंचा पत्ताच बदलतो.

कायदा मात्र जुना आहे. १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली, तर सापडणाऱ्याने ती कुठे, केव्हा आणि साधारण किती किमतीची मिळाली हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे असते. न कळवल्यास हिस्सा तर जातोच, शिक्षाही होऊ शकते. निधी बेवारस ठरला आणि वेगळा करार नसला, तर तीन चतुर्थांश वाटा सापडणाऱ्याचा व उरलेला जमीनमालकाचा. सरकारला तो हवा असेल, तर किमतीवर एकपंचमांश अधिक देऊन घेता येतो. म्हणजे कळवणाऱ्याचे सगळेच जाते, ही समजूत बरोबर नाही. वसईचा किल्ला केंद्र सरकारचे संरक्षित स्मारक आहे. तिथे परवान्यावाचून खणता येत नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने जुन्या वस्तूंचा व्यापार परवान्याखाली आणला आणि त्या खासगीरीत्या परदेशी पाठवण्यास बंदी घातली.

शाळेत काय करता येईल? एक साधी वही ठेवावी, ‘सापडलेल्या वस्तूंची नोंदवही’. तीत पाच रकाने असावेत: वस्तू, तारीख, नेमके ठिकाण (सर्व्हे नंबर किंवा जवळच्या पक्क्या खुणेपासून पावलांत अंतर), किती खोलीवर, आणि सोबत आणखी काय होते. शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे किंवा चित्र काढावे. वस्तू मोलाची वाटली तर तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांना आणि राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला कळवावे. खणायला मात्र कोणाही विद्यार्थ्याला पाठवू नये. तोफगोळा असल्याचा संशय आला तर हात न लावता पोलिसांना सांगावे, कारण पोकळ गोळ्यात दारू असू शकते.

आणखी एक पथ्य. सापडलेले तांब्याचे नाणे चिंच, लिंबू किंवा राखेने घासू नये. हिरव्या थराखाली अक्षरे असतात, ती थराबरोबर जातात. शिवाय समुद्राकाठच्या नाण्यात क्लोराइड शिरलेले असते. त्यापासून झालेला क्युप्रस क्लोराइड दमट हवेत ऑक्सिजनशी अभिक्रिया करतो. फिकट हिरवी भुकटी तयार होते आणि हायड्रोक्लोरिक आम्ल सुटते. ते आम्ल पुन्हा तांबे खाते. हाच तो ‘कांस्यरोग’. घासलेले नाणे चकचकीत दिसते आणि काही पावसाळ्यांत पोखरून जाते. कोरड्या कागदात गुंडाळून, चिठ्ठी जोडून ठेवणे हीच उत्तम काळजी.

त्या चिठ्ठीवर गाव, शेत, खोली आणि तारीख लिहिलेली असली, तर ओळख न पटलेले नाणेसुद्धा पुढच्या अभ्यासकाला उपयोगी पडते. चिठ्ठी नसली तर सोन्याचे नाणेही तोळ्या-माशाच्या भावानेच मोजावे लागते. वही घालायला खर्च येत नाही. या पावसाळ्यानंतर ती सुरू करता येईल.